कणी काढणाऱ्या पारबताबाई

मी एकदा एका वामीचं डोहाळजेवण केलं होतं.

वाम म्हणजे मासा. सापासारखा लांब, अंगानं बुळबुळीत, शेपटाकडे चपटा. बाजारात वाम म्हणून जो काटेरी पाठीचा बारका मासा मिळतो तो नव्हे. ही नदीची मोठी वाम, चांगली साडेतीन फूट. तिची ओटी भरून तिला हिरवा चुडा घातला नाही एवढंच. बाकी सगळं केलं. कलेजीचे बारीक तुकडे झाले, धुतलेली गांडुळं झाली, उकडलेल्या अंड्याचा बलक झाला, आणि बाईसाहेब तोंड उघडेनात तेव्हा मी रबरी नळी घालून तिला भरवलं. वर "खा गं, पोटुशी आहेस," असंही म्हणाले. प्रयोगशाळेत ऐकायला कोणी नव्हतं हे माझं नशीब.

मी त्या वेळी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. चाळिशी ओलांडलेली, नावामागे नुकतंच डॉक्टर लागलेलं, आणि ते दारावरच्या पाटीपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे लिहून घेतलेलं. आमचे हे दूधवाल्यासमोर मला मुद्दाम डॉक्टरीणबाई म्हणायचे, तर दूधवाल्यानं दुसऱ्याच दिवशी गुडघेदुखीवर औषध विचारलं. मी सांगितलंही. अशी मी.

त्या डोहाळजेवणानं वाम मरायला टेकली. ती वाचली पारबताबाईंमुळे. आता अमरावतीत, रिटायर झाल्यावर, नाती मला विचारतात की आजी, तुझे गुरू कोण? भिंतीवर एका मोठ्या प्रोफेसरांचा फोटो आहे, त्याकडे मी बोट दाखवते. पारबताबाईंचा फोटो नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

पारबताबाई अकोल्याच्या मासळीबाजारात बसायच्या. जातीच्या भोई, गाव पूर्णेच्या काठी, अकोल्यापासून तासाभरावर. उंच, काळ्या, हाडापेरानं मोठ्या. लुगडं नेहमी गडद हिरवं. फळीवर मासे मांडायच्या ते सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पान्यात असेच राह्यतात ते. धारेकडं तोंड. मेले म्हणून का त्याइनं रीत सोडा?" गिऱ्हाइकानं दोनदा कल्ला उघडून पाहिला की तिसऱ्यांदा मासा त्याच्या हातातून काढून घ्यायच्या. "हा तुमच्यासाठी नाई. घरी जाऊन वांगे करा." मासे विकणाऱ्या या बाईला स्वतःला मासा आवडत नसे. डबा उघडला की ठेचा आणि भाकर. "दिवसभर ज्याइचे डोये पाहाचे, त्याइलेच खाचं?" असं म्हणायच्या आणि समोरच्या बाईला चिंच किती घालायची ते अगदी बारकाईनं सांगायच्या.

मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले ती नाकाला रुमाल लावून. माझं माहेर अमरावतीचं, वकिलांचं घर. आमच्याकडे मासा शिरला तो फक्त माझ्या पुस्तकांतून.

"काहून जी, नाक काहून दाबून राह्यले? सर्दी झाली काय?"

"नाही. मी कॉलेजातून आले. प्राणिशास्त्र शिकवते. मासेच शिकवते खरं तर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग शिकवतानी नाक कुठं ठेवता?"

मला हव्या होत्या माशांच्या पीयूष ग्रंथी. मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाशी, हाडाच्या छोट्याशा वाटीत बसलेला हा तांदळाच्या कणीएवढा ठिपका. सगळ्या शरीरावर हुकूम चालतो तो इथून. रोहू, कटला हे मासे शेततळ्यातल्या उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पण दुसऱ्या, अंड्यावर आलेल्या माशाची ही ग्रंथी वाटून टोचली, तर तळ्यातल्या मादीलाही वाटतं की पूर आला. आमच्या कॉलेजात शेततळ्यांसाठी असं मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, तयार करायचा छोटासा उद्योग चालायचा, आणि त्याला कणी लागायची. कणी हा शब्द पारबताबाईंचाच. माझा शब्द पीयूष ग्रंथी. पीयूष म्हणजे अमृत, हे मी त्यांना मोठ्या थाटात सांगितलं, तर म्हणाल्या, "अमृत नाई काई. कनी हाय ते. भात झाला तं झाला, नाई तं नाई."

त्यांची कणी काढायची पद्धत मी आजवर कुठल्याही पुस्तकात पाहिलेली नाही. आम्ही कवटी वरून कापायचो. त्यात मुंडकं वाया जायचं आणि निम्म्या वेळा ग्रंथी फुटायची. त्या मानेच्या बाजूनं, जिथं पाठीचा कणा कवटीत शिरतो त्या भोकातून, गोधडी शिवायची सुई टोकाशी किंचित वाकवून आत घालायच्या. नजर भलतीकडेच. मला वाटतं, बोटांनीच पाहत असाव्यात. मनगटाचा एक हलका झटका, आणि सुईच्या टोकावर अख्खी कणी. लगेच तपकिरी बाटलीतल्या अल्कोहोलात. मुंडकं जसंच्या तसं फळीवर. "डोस्कं गिऱ्हाइकाचं, कनी तुमची," म्हणायच्या. आणि नुसती काढून देत नसत. "हे आखाडातली हाय, भरली हाय. दिवाळीनंतरची मांगू नका, ते वाळली असते." पावसाच्या तोंडावर, अंडी पिकलेली असताना ग्रंथीत संप्रेरक सगळ्यात जास्त असतं, हे मी दोन वर्षं रसायनं घोटून सिद्ध केलं होतं. प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. पारबताबाईंचं एका वाक्यात उरकलं.

एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. पाच मिनिटांत पाच कण्या काढून दाखवल्या, पोरं थक्क. मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, वामीत नर कोणता, मादी कोणती, कसं ओळखायचं?"

"लहानपनी ते काईच नसते," पारबताबाई म्हणाल्या. "ना बाप्या ना बाई. मांगून ठरते. जिथं दाटी असते ना, तिथं समदे नर होतात, बारके बारके. माझं माह्यर खाली तापीकाठी हाय, तिथं पाह्यले म्या. जे एकटी वर चढून येते, डोहात राह्यते, दहा-पंधरा वर्षं खाऊन-पिऊन जाड होते, ते मादी." मग त्यांनी मागच्या बाकांकडे हात केला. तिथं एका बाकावर सहा-सहा पोरं कोंबून बसलेली. "तुमच्या इथं दिसतेच हाय."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मी मात्र घरी जाऊन परदेशी मासिकं उपसली. दाटीत वाढलेल्या वामी बहुतेक नर होतात, विरळ पाण्यातल्या माद्या होतात, असं तिथं लोकांनी मोठमोठ्या टाक्या बांधून शोधून काढलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. कौतुकाचा नव्हे, मत्सराचा. त्या वयात मी दुसऱ्याचं ज्ञान पाहून आधी जळायचे, मग भारावायचे.

त्याच दिवशी त्या एक गोष्ट बोलून गेल्या, तिनं मला झपाटलं. "चाळीस वर्षं वाम कापून राह्यली मी. अंडं नाई पाह्यलं. रोहूच्या पोटात ढीग निंघते. हिच्या पोटात नुसती झालर असते, परकराच्या काठासारखी. अंडे नाईत."

हे कोणाचंही डोकं फिरवणारं आहे. वाम नदीत जन्मत नाही. ती जन्मते समुद्रात, कुठं तरी खोल, आणि सुईएवढी काचेसारखी पारदर्शक पिल्लं नद्यांच्या मुखातून वर चढतात, शेकडो मैल, थेट आपल्या पूर्णेपर्यंत. मग वर्षानुवर्षं नदीत राहून ती कुमारीच असते. तिच्या मेंदूनं जणू ब्रेकवर पाय ठेवलेला असतो. डोपामाईन नावाचं द्रव्य तिच्या कणीला सांगत राहतं, अजून नाही, अजून नाही. एक दिवस काहीतरी बदलतं. ती खाणं सोडते. तिचं आतडं आक्रसत जातं, कारण ते आता लागणारच नसतं. पिवळट पोट चांदीसारखं होतं, पाठ काळवंडते, खोल पाण्यातल्या अंधारासाठी डोळे मोठे होतात. आणि पुराबरोबर ती खाली निघते, समुद्राकडे, अंगातल्या चरबीवर, उपाशी. तो ब्रेक पुरता सुटतो तो बहुधा समुद्राच्या खोलीत. अंडी तिथं पिकतात, ती घालते, आणि संपते. आपल्या नद्यांतल्या वामी नेमकं कुठं जाऊन अंडी घालतात, ते अजून कोणाला ठाऊक नाही.

मी ठरवलं, समुद्रापासून इतक्या लांब, काळ्या मातीच्या अकोल्यात, सिमेंटच्या टाकीत वाम पिकवायची. तिचं अंडं पहिल्यांदा मी पाहायचं. आता लिहिताना हसू येतं; तेव्हा मी भाषणसुद्धा तयार केलं होतं.

पारबताबाईंना म्हटलं, मोठी मादी आणून द्या. त्या तयार होईनात. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एका सकाळी पत्र्याचा ड्रम घेऊन कॉलेजात आल्या. आत ओल्या पोत्यात ही साडेतीन फुटांची.

"एक बोली हाय," त्या म्हणाल्या. "हिचे डोये मोठे झाले का मले सांगाचं. मंग ते तुमची नाई. म्या नेऊन नदीत सोडीन."

"डोळे मोठे म्हणजे किती?"

त्यांनी अंगठा पुढे केला. वामीच्या डोळ्यावर अलगद टेकवला. "आता झाकला गेला. जवा झाकला नाई जाईन, तवा."

मग त्यांनी कारण सांगितलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यानं मोठ्या डोळ्यांची वाम पकडून टोपल्यात ठेवली होती, परत सोडायला. यांना काय माहीत? यांनी कापली, कालवण केलं. सासरा ताटावर बसला, वाडग्यात पाहिलं, उठला. रागावला नाही. पण वर्षभर तो सुनेला नावेत घेऊन गेला नाही. "निंघाली होती रे बाप्पा ते, एवढंच बोलला तो. तवापासून जे निंघाली, तिले म्या अडवत नाई. हे माझ्यावर हाय. तुमच्यावर ठेवून राह्यली, ध्यानात ठेवा."

मी हो म्हटलं. मान डोलावून, गंभीर चेहरा करून, अगदी शपथेसारखं हो म्हटलं. आणि मनात म्हटलं, मोठ्या डोळ्यांचीच तर मला हवी आहे.

पुढची दोन वर्षं पारबताबाई दर आठवड्याला यायच्या, मोसमात कणीची बाटली घेऊन, एरवी मोकळ्या हातानं, आणि टाकीत डोकावून जायच्या. वामीशी बोलत नसत. नुसत्या उभ्या राहायच्या. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या पायाला कोयता लागला आणि त्या दोन महिने गावीच राहिल्या. कणीची बाटली मुलाबरोबर यायची. तेवढ्या काळात मी तो उद्योग केला. त्यांनीच काढलेली, रोहूसाठी म्हणून पाठवलेली कणी काचेच्या खलात घोटायची, खारट पाण्यात निवळायची, आणि दर सोमवारी वामीच्या पाठीत टोचायची. सहा सोमवार. आमचे हे म्हणाले, "सोळा कर, पावेल तरी." पोट किंचित फुगलं. मी हरखले. मग लक्षात आलं की ती काही खात नाही. मागचे दोन महिने काहीच खाल्लेलं नाही.

आता प्रबंध माझा, सूत्र माझं. वाम निघायच्या बेतात आली की नाही ते डोळ्याच्या व्यासावरून कसं काढायचं, हे मी स्वतः त्यात मांडलं होतं. पण टाकीतल्या माझ्या वामीच्या डोळ्याकडे मी पाहिलं नव्हतं. मला दिसलं फुगलेलं पोट, आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला फुगलेलं पोट आणि न जेवणारी बाई दिसली की जे सुचतं तेच मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी ती टाकीच्या तळाशी उलटी पडली होती. पोट वर, अंगावर पांढरा चिकट थर. प्रयोगशाळेतले वानखडे मला न विचारता बसस्टँडवर गेले आणि गावाकडे जाणाऱ्या पहिल्या बसमध्ये निरोप दिला. दुपारी पारबताबाई आल्या, लंगडत. टाकीत हात घातला. अंगठा वामीच्या डोळ्यावर टेकवला. डोळा अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता.

माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय खाऊ घातलं?"

मी सांगितलं. नळीचंही सांगितलं. इंजेक्शनांचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

"माझीच कनी?"

"हो."

तोवर त्या मला तुमी म्हणायच्या. त्या दिवशी तू झालं, ते कायमचं. "तू बाई व्हय ना वं? डोहाये पुरवले, वटी भरली, अन् माह्यरी धाडाचं इसरली? पह्यलं बायंतपन कुठं करतात तुमच्यात? अवं, हिचं माह्यर समुद्रात हाय!"

मी आजवर शेकडो पाठ घेतले, पण वामीचं स्थलांतर इतक्या नेमकेपणानं मला कधी मांडता आलेलं नाही.

मग त्यांनी वामीला ओल्या पोत्यात गुंडाळून डोकं खाली धरलं आणि पोटावरून तोंडाकडे बोटं ओढत राहिल्या, ज्या बोटांनी कणी काढायच्या त्याच. माझं सगळं डोहाळजेवण बाहेर आलं. आठवडाभर प्रयोगशाळेला वास होता. टाकीवर गोणपाट टाकून अंधार केला, विहिरीचं गार पाणी बादलीबादलीनं आणवलं. तीन दिवस सकाळची पहिली बस पकडून यायच्या, संध्याकाळच्या बसनं जायच्या. मी मध्ये मध्ये घुटमळायचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "वाचेल का?"

"वाचणं तिचं काम नाई आता. जाणं हाय. तू ते सुया टोचल्या, तिले घाई करून ठेवली. किती दिवस हायत तिच्यापाशी?"

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. टोचणं थांबल्यावर पोटातली अंडी थांबून राहतात, की मावळतात, की ती वाटेतच पिकतात? "मला माहीत नाही," मी म्हटलं. डॉक्टर झाल्यापासून मला माहीत नाही म्हणायची ती पहिलीच खेप असावी.

चौथ्या दिवशी गोणपाटाखालून पाण्याचा आवाज आला. वाम सुलटी होऊन टाकीच्या भिंतीलगत गोल गोल फिरत होती. टाकीचं पाणी काढायचं भोक पश्चिमेच्या कोपऱ्यात होतं. तिथं आली की थांबायची, नाक लावायची, पुन्हा फिरायची.

"पूर्णा भरून हाय," पारबताबाई म्हणाल्या. "पण खालच्या धरणाचे दरवाजे उघडे पायजेत. इचार."

आपल्याकडचं पाणी मोठं गमतीचं आहे. धामणगावाकडे पडलेला थेंब वर्धेत जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळतो. अकोल्याकडचा पूर्णेतून तापीत आणि तापीतून पश्चिमेच्या. वाटेत मोठी धरणं आहेत, आणि वामीला समुद्रात जायचं तर पुराच्या पाण्याबरोबर त्या दरवाजांतूनच जावं लागतं. मी कॉलेजच्या फोनवरून धरणाच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून एका माणसानं विचारलं, दरवाजे उघडे आहेत का हे तुम्हाला कशाला हवं? मी म्हटलं, "आमच्याकडची एक जण त्या बाजूला निघाली आहे."

"मग रोडनं या म्हणा ना बाई. दरवाजाशी काय काम?"

पारबताबाई शेजारीच उभ्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. दरवाजे उघडे होते.

एस.टी.नंच गेलो, पूर्णेकाठच्या त्यांच्या गावी. वाम ओल्या पोत्यात, पोतं पाटीत, पाटी पारबताबाईंच्या मांडीवर. दर दोन मैलांवर माझ्या बाटलीतलं पाणी त्या पोत्यावर शिंपडायच्या. कंडक्टरनं विचारलं, "आजी, हलून काय राह्यलं? साप तं नाई ना?" तर म्हणाल्या, "पाव्हणी हाय. तू तिकीट फाड." आभाळ इतकं भरून आलेलं की दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. वाटभर मी काही ना काही बोलत होते. गेलात का कधी समुद्रावर, मी नेते तुम्हाला, सुरतेपर्यंत तर जायचं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "ज्याले जायाचं ते जाते. मले काय तिथं अंडे घालाचे हायत?"

घाटापासून थोडं खाली, जिथं धार काठाला लागून वाहते, तिथं त्यांनी पोतं पाण्याशी नेऊन उघडलं. वाम लगेच गेली नाही. काठाच्या उथळ चिखलात अंग ओढत आधी वरच्या दिशेला वळली. पारबताबाई हलल्या नाहीत. मग वामीनं डोकं उचललं, धारेला गाल लावल्यासारखं केलं, आणि तिचं सगळं अंग एका लाटेसारखं त्या पाण्यात शिरलं. गढूळ पाण्यात एक चांदीची रेघ दिसली, एकदा, दोनदा, आणि मग नुसतं पाणी. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून जे पाहिलं ते सगळं त्या दोन रेघांत होतं. कणी, डोपामाईन, ती झालर, बंद झालेलं आतडं, मोठे डोळे, हे सारं एकाच दिशेला तोंड करून निघालं होतं, आणि ते थांबवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

मला परतीच्या बसमध्ये बसवून देईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही सासऱ्याच्या गोष्टीची आठवण ठेवून वर्षभराच्या मौनाची तयारी केली. शब्द मोडला होता, आणि तोही त्यांच्याच कणीनं. पण पुढच्या सोमवारी कॉलेजात आले तर माझ्या टेबलावर तपकिरी बाटली. आत मोजून बारा कण्या, एकही फुटलेली नाही. वानखडे म्हणाले, बाई सकाळीच येऊन ठेवून गेल्या. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत मोसमातल्या एकाही आठवड्याची बाटली चुकली नाही. का, ते मी विचारलं नाही. भीती वाटायची, की विचारलं तर थांबवतील.

मागल्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. लग्नासाठी अकोल्याला गेले होते, आणि दुपारच्या त्या उन्हात, ज्यात अकोल्याची कुत्रीसुद्धा घराबाहेर पडत नाहीत, मी रिक्षा करून मासळीबाजारात गेले. फळी मुलाची झाली होती. बर्फाच्या पेट्यांतून आलेला आंध्रातला मासा मांडलेला, तोंडं चारी दिशांना. पारबताबाई मागच्या भिंतीशी एका उलट्या पेटीवर बसलेल्या, लुगडं तेच गडद हिरवं, अंग मात्र अर्धं झालेलं. कणी आता कोणाला लागत नाही. बाजारात तयार बाटली मिळते. त्यात कणीला जागं करणारं एक संप्रेरक असतं, आणि मेंदूचा तो ब्रेक सोडवायला एक औषध, आपण उलटी थांबायला जी गोळी घेतो तिच्याच जातीचं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"उलटीची गोई?" म्हणाल्या, आणि बराच वेळ मान हलवत राहिल्या, अविश्वासानं की कौतुकानं ते मला कळलं नाही. "कोनं पाह्यलं असन हे पह्यल्यांदा? हुशार मानूस असन."

पूर्णेला मोठी वाम आता येत नाही, त्यांनी सांगितलं. सुईएवढी पिल्लं एवढाले दरवाजे कशी चढणार? मुलानं चहा आणला. चहा संपता संपता मी इतक्या वर्षांचं ते विचारून टाकलं. म्हटलं, "पारबताबाई, मी तुमचा शब्द मोडला होता. तरी सोमवारी बाटली कशी आणून ठेवलीत?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी पहिल्या दिवशीसारखं.

"तुले याद नाई काय वं? तू तिच्या मांगं पान्यात उतरली होती, धराले नाई, धाडाले. साडीसकट, चपलासकट, कंबरीपावतो. म्या धरली तुले पाठीमांगून. तुले पोहता येत नाई, हे मले मालूम होतं. तवाच म्या म्हटलं, या बाईले आता कनी द्याले हरकत नाई."